अर्ध्या वाटेवर थांबलेल्यांचें शिक्षण



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं मागील पिढ्यांनीं काय उभारलें, याचें गुणवर्णन अनेक वक्त्यांनीं केलें आहे. आम्हांस पुढील कार्याविषयीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. शाळा-कॉलेज मध्येंच सोडलेल्या तरुण-तरुणींसाठीं संध्याकाळचे वर्ग काढावे, ही सूचना आपल्या पॅरिशमध्यें चर्चेस आली आहे. तिजवर एक आक्षेप वारंवार कानीं येतो: "ज्यांस शिकावयाचें होतें ते शिकले, उरलेल्यांवर पैसा कां खर्चावा?" या आक्षेपास भावनेनें नव्हे, तर अनुभवानें उत्तर द्यावें असें आम्हांस वाटतें. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनीं हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे.

इलिनॉय राज्यांतील जोलिएट गांवीं १९०१ सालीं अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असें एक कॉलेज निघालें. आज त्या देशांत अशीं हजारांहून अधिक कॉलेजें आहेत. अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा, फी माफक, आणि प्रवेश जवळजवळ सर्वांस खुला. तेथील विद्यार्थी तरी कोण? दिवसा दुकानांत वा कारखान्यांत राबणारे, पदरीं मूल असलेल्या माता, घराण्यांत प्रथमच कॉलेजची पायरी चढणारे. दार उघडें होतें, हें खरें. परंतु आंत शिरलेल्यांपैकीं फार मोठा भाग पदवी न मिळवितांच परत फिरे. पुष्कळ काळ याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर लोटण्यांत आला. पुढें कांहीं विचारी शिक्षकांनीं निराळा प्रश्न केला: मूल नेमकें कोठें अडखळतें, हें आपण पाहिलें आहे काय?

न्यूयॉर्क सिटी विद्यापीठानें २००७ सालीं आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'ए. एस. ए. पी.' नांवाची योजना सुरू केली. विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ शिकावें, कच्च्या विषयांची तयारी आरंभींच उरकावी, आणि आपल्या सल्लागारास वरचेवर भेटावें, अशा तिच्या अटी. त्याच्या बदल्यांत फीची तूट भरून निघे, पुस्तकें विनामूल्य मिळत, आणि प्रवासाचा पासही हातीं येई. योजनेबाहेर एका सल्लागाराच्या वांट्यास ६०० ते १५०० विद्यार्थी असत; योजनेंत ६० ते ८०.

गरीब घरच्या व पूर्वतयारी कमी असलेल्या ८९६ विद्यार्थ्यांची सोडतीनें विभागणी करून या योजनेची पारख करण्यांत आली. तीन वर्षांअखेर योजनेंतील शेंकडा ४० विद्यार्थ्यांनीं पदवी मिळविली; योजनेबाहेरील शेंकडा २२ जणांनीं. ओहायो राज्यांतील तीन कॉलेजांत २०१४ पासून हाच प्रयोग झाला. तेथेंही पदवीधरांचें प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें. दरडोई खर्च अधिक आला खरा, परंतु एक पदवीधर तयार होण्यास लागलेला खर्च न्यूयॉर्कमध्यें उलट कमीच भरला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन्ही गटांतील विद्यार्थी सारख्याच परिस्थितींतील होते. केवळ सोडतीनें ते वेगळे झाले. आळस हेंच कारण असतें, तर तो दोन्हीकडे सारखाच आडवा आला असता.

दुसरी गोष्ट गणिताची. ज्यांचें गणित कच्चें, त्यांस आधीं तयारीच्या वर्गांत बसवावयाचें आणि तेथें उत्तीर्ण झाल्यावरच पुढें सोडावयाचें, अशी तेथील जुनी रीत. पायरीमागून पायरी चढतां चढतां विद्यार्थी थकून घरीं जाई. त्याच विद्यापीठाच्या तीन कॉलेजांत २०१३ सालीं ९०७ विद्यार्थ्यांस घेऊन एक प्रयोग झाला. बीजगणिताच्या तयारीवर्गांत शेंकडा ३९ उत्तीर्ण झाले. तशाच पात्रतेच्या दुसऱ्या गटास एकदम कॉलेजच्या दर्जाचें संख्याशास्त्र दिलें, आणि जोडीस दर आठवड्यास जादा शिकवणी ठेविली. त्यांत शेंकडा ५६ उत्तीर्ण झाले. वाट अडवून ठेवण्यापेक्षां चालतांना हात देणें अधिक फळास आलें.

आतां वर्गांतील शिक्षकाकडे वळूं. मेरी-अ‍ॅन विंकलमेस या विदुषींचें सांगणें असें कीं, काम देतांना शिक्षकानें तीन गोष्टी उघड सांगाव्या: तें कशासाठीं, कसें करावयाचें, आणि कोणत्या कसोटीवर तपासलें जाईल. सुशिक्षित घरचें मूल हें न सांगतां ओळखतें. ज्याच्या घरीं कॉलेज कोणीं पाहिलेंच नाहीं, त्यास तें कोण सांगणार? रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, धडा पुनःपुन्हां वाचणारे पांच मिनिटांनंतर पुढें असतात; परंतु पुस्तक मिटून आठवून पाहणारे आठवड्यानंतर अधिक लक्षांत ठेवतात. म्हणून लहान लहान चांचण्या हव्यात, त्या भीति घालण्यासाठीं नव्हेत, तर स्मरण पक्कें करण्यासाठीं. बर्कले येथें उरी ट्राइझमन यांस १९७० च्या दशकांत आढळलें कीं, मागें पडणारे कित्येक कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकेकटे अभ्यास करीत. त्यांनीं त्यांस एकत्र बसवून सोपीं नव्हे तर कठीण उदाहरणें दिलीं, आणि गुण सुधारले.

आपल्या देशांतही हें बीज रुजलें आहे. पुदुच्चेरी विद्यापीठानें १९९५ सालीं, व मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांतानें १९९६ सालीं कम्युनिटी कॉलेज सुरू केलें. येशूसंघीय फादर झेवियर अल्फोन्स यांनीं ही चळवळ देशभर पसरविण्यास मोठा हातभार लावला. तेव्हां आपण कांहीं अपूर्व साहस करीत आहों, असें समजण्याचें कारण नाहीं.

बंधुभगिनींनो, वर्ग काढावयाचे असतील तर त्यांची किंमतही ओळखून असूं या. नवी खोली बांधणें त्या मानानें सोपें आहे. तीवर देणगीदाराच्या नांवाची पाटीही लागते. परंतु जो मुलगा दोन दिवस आला नाहीं, त्याच्या घरीं तिसऱ्या दिवशीं कोणी जावें लागेल. जी मुलगी बसच्या भाड्यावांचून अडली, तिचें भाडें द्यावें लागेल. मातांच्या कामाच्या वेळा पाहून वर्गाची वेळ ठरवावी लागेल. आणि वर्षाअखेर हिशेब मांडतांना किती जणांनीं नांवें घातलीं, हें न सांगतां किती जणांनीं शेवटास नेलें, हें सांगावें लागेल. असा पैसा कोणत्याही पाटीवर दिसणार नाहीं. महोत्सव-निधीचा पहिला वांटा याच कामीं लावावा, अशी आमची आपणांस कळकळीची विनंती आहे.