साच्यातील वाळू आणि तंत्रशिक्षण



बेळगावच्या यंत्रोद्योगाचा विचार लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरू होतो. 1888 मध्ये त्यांनी येथे सायकलींचे दुकान काढले; पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी फाळाने जमीन विषारी होईल, अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना वाटे. ती निराधार ठरली. मात्र कारखान्याचा मातीशी संबंध काय, हा तिच्यामागील प्रश्न आजही शिल्लक आहे.

बेळगाव व कोल्हापूर ही ओतकामाची नामांकित केंद्रे. निपाणी या दोहोंच्या दरम्यान, महामार्गावर. सीमाभागातील तरुणाला फौंड्री हा जवळचा रोजगार आहे. त्याच्या शिक्षणात पर्यावरणाचे स्थान कोणते?

1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला. परंतु कारागिराचे पर्यावरण पाठ्यपुस्तकापेक्षा त्याच्या हातातील वाळूत अधिक असते. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची पूड व पाणी यांच्या मिश्रणाचा साचा होतो. योग्य निगा राखल्यास तीच वाळू पुनःपुन्हा वापरता येते. रेझिन घातलेली, वापरून टाकाऊ झालेली वाळू ओढ्याकाठी टाकली, तर तिच्यातील रसायनांचे अंश पावसाबरोबर पाण्यात उतरू शकतात. तिची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस जडतो. त्यावर रामबाण उपाय नाही.

विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळविण्यास साधारणतः सहाशे युनिट वीज लागते. साचा ओलसर राहिला, वाफेला वाट मिळाली नाही, की ओतीव भागात पोकळी राहते. तो माल बाद होतो, पुन्हा भट्टीत जातो आणि तेवढीच वीज पुन्हा खर्ची पडते. म्हणजे वाळूतील ओलावा अचूक ओळखणारा कुशल हात हाच विजेची बचत करणारा हात होय.

म्हणून तंत्रशाळेतील परीक्षेत ओतीव भागाच्या मापाबरोबरच बाद मालाचे वजन, पुन्हा वापरलेली वाळू आणि धुळीचा बंदोबस्त यांनाही गुण असावेत. चांगली कारागिरी व पर्यावरणरक्षण या दोन गोष्टी नाहीत, हे विद्यार्थ्याला तेथेच उमजेल.

यात वाचनालयांचाही वाटा आहे. कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी ओतकाम, भट्टी व कामगार-आरोग्य यांवरील सुबोध मराठी पुस्तकांचे एक कपाट असावे. सायंकाळी पाळी संपवून येणाऱ्या कामगाराला स्वतःच्या फुप्फुसांविषयीचे ज्ञान स्वतःच्या भाषेत मिळणे, ही ग्रंथसेवाच आहे.