डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो का?

कानात इयरफोन असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषय ऐन पावसाळ्यातला आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या पवईत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "डेंग्यूची टेस्ट कुठे करू?" कोणती टेस्ट आणि तापाच्या कितव्या दिवशी, हे मात्र कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अचानक सणकून ताप आला, डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे धरलेले. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका लॅबमध्ये गेलो आणि म्हटलं, "डेंग्यूची टेस्ट करा." संध्याकाळी फोनवर पीडीएफ आली, निगेटिव्ह! लगेच आईला फॉरवर्ड केली, "काही नाही गं, साधा व्हायरल आहे." पाचव्या दिवशी ताप उतरला. आंघोळ केली, ऑफिसला निघालो आणि रिक्षातच डोळ्यांसमोर अंधारी आली. पोटात दुखत होतं, दोनदा उलटी झाली.

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, "ही टेस्ट कितव्या दिवशी केली?" सगळी गोम तिथेच होती.

नीट समजून घ्या. डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन रक्तात येतं, त्याचं नाव एनएस वन. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत चांगलं सापडतं. आयजीएम म्हणजे आपल्या शरीराने विषाणूशी लढायला तयार केलेली प्रतिपिंडं. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ही टेस्ट साधारण पाचव्या दिवसानंतर उपयोगाची. माझ्या रिपोर्टमध्ये फक्त आयजीएम आणि आयजीजी होतं, तेही दुसऱ्या दिवशी! म्हणजे सैन्य घरातून निघायच्या आधीच मी रणांगणावर त्याला शोधत होतो.

उलटंही होतं. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात राहू शकतं. त्यामुळे ते पॉझिटिव्ह आलं तरी आजचा ताप डेंग्यूचाच असेल असं नाही. आणि आयजीजी बहुतेक वेळा जुन्या डेंग्यूची खूण असते. तीही कामाची, कारण डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त बळावण्याची भीती असते. अशा वेळी एनएस वन लवकर नाहीसं होऊन निगेटिव्हही येऊ शकतं.

आणखी एक. दहा-वीस मिनिटांत निकाल देणारी कार्ड टेस्ट सोयीची खरी, पण सरकारी यंत्रणा एलायझा पद्धतीची टेस्टच पक्की धरते. आयजीएमच्या एलायझाचे किट आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत तयार होतात आणि देशभरातल्या सरकारी केंद्रांना जातात.

आता सीबीसी. त्यातले प्लेटलेट सगळे बघतात. दीड लाखाच्या खाली गेले की घरात रडारड, पपईच्या पानांची शोधाशोध. माझ्या आईने तर साताऱ्याहून पानं पाठवायची तयारी केली होती! पण प्लेटलेट बऱ्याच तापांत उतरतात, आणि नुसता आकडा कमी झाला म्हणून ते चढवत नाहीत. रक्तस्राव होतोय का, हे डॉक्टर आधी बघतात.

त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, हिमॅटोक्रिट. रिपोर्टवर तिला एचसीटी किंवा पीसीव्ही म्हणतात. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलं की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. समजा, आधी 40 होता आणि आता 48 झाला, तर ती धोक्याची घंटा. म्हणून एकाच सीबीसीवर भागत नाही, डॉक्टर ती पुन्हा पुन्हा करायला लावतात.

आणि हे झिरपणं नेमकं कधी सुरू होतं? बहुधा ताप उतरायच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ज्या दिवशी मी "बरा झालो" म्हणून शर्टाला इस्त्री केली, तोच दिवस! मला वेळेत सलाइन मिळालं, म्हणून आज तुमच्याशी बोलतोय.

तेव्हा मंडळी, चार गोष्टी लक्षात ठेवा. ताप आला ती तारीख आणि वेळ फोनमध्ये लिहून ठेवा. टेस्ट डॉक्टरांना विचारून करा. मुंबईत याच दिवसांत मलेरिया आणि लेप्टोही असतो, त्यांचीही तपासणी लागू शकते. तापाला पॅरासिटामॉलच, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. आणि पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप गळाल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं, तर रिपोर्ट काहीही म्हणो, थेट हॉस्पिटल गाठा.

हो, आणि पवई तलावाला उगाच दोष देऊ नका. हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर. ऐकून झालं की आधी तेवढं बघून या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!