जंगलात पुरलेली मुलगी
(दवनीवाडा येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

भुताचा सिनेमा हा काय बैठकीत बोलायचा विषय आहे, असं काहीजणींना वाटेल. पण विक्रम भट्टचा 'राज़' 2002 साली आला आणि तुफान चालला. म्हणजे त्यातलं जे काही आहे ते लाखो घरांत जाऊन बसलं आहे.

संजना आणि आदित्यचा संसार मोडायला आलेला. तो सावरावा म्हणून दोघं उटीच्या जंगलाजवळ एकाकी घरात राहायला जातात. रात्री झाडीतून बाईची किंकाळी येते. ती फक्त हिलाच ऐकू येते, नवऱ्याचा विश्वास बसत नाही. इथवर मला फार आशा होती. घरात काहीतरी बिनसलंय हे बाईला कळतं आणि सगळे तिलाच भ्रमिष्ट ठरवतात, हे आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणींचं दुःख आहे.

पण पुढे निराशाच. आदित्यचे मालिनी नावाच्या मुलीशी संबंध होते. त्याने झिडकारल्यावर तिने स्वतःवर गोळी झाडली आणि याने प्रेत गुपचूप जंगलात पुरलं. ना पोलीस, ना पंचनामा. मालिनी मनोरुग्ण होती असं एकदा सांगितलं की हिशेब मिटला! आपण भ्यायचं ते मालिनीला. संजना आधी संतापते, सोडून जायला निघते; शेवटी मात्र नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी तीच ते प्रेत शोधून जाळते. पुन्हा सावित्रीच. आदित्य सुखरूप.

हा सिनेमा आपण इथे पाहिला तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, "पन त्या पोरीले पुरलं कोनं?" अख्ख्या सिनेमात हा प्रश्न धडपणे कुणी विचारत नाही.

आणि जंगलाचं म्हणाल, तर शहरी सिनेमावाल्यांना झाडं दिसली की भूत आठवतं. तुम्ही उन्हाळ्यात अंधार असतानाच मोहफुलं वेचायला जाता, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडता. तिथे भीती वाघाची, अस्वलाची. ती खरी आहे, म्हणून तर घोळक्याने जाता. भुताची भीती गावात असते, आणि ती बहुधा एखाद्या एकट्या बाईच्या नावाने असते. विधवा, मूलबाळ नसलेली, जमिनीत वाटा मागणारी. कुणाचं लेकरू आजारी पडलं, म्हशीचं दूध आटलं, की बोट तिच्याकडे.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये अशा बाईला टोनही म्हणतात. तिथे 2005 साली त्याविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. करणी केली असा संशय पसरवून कुणाला छळलं, मारहाण केली, तर तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

पोलिसांकडे गेलात आणि "आपसात मिटवा" असं उत्तर आलं, तर या कायद्याचं नाव घ्या आणि दक्षता अधिकारी कोण ते विचारा. तशी तरतूद कायद्यातच आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. जिच्यावर आळ आला आहे तिला एकटीला पाठवू नका. मोहफुलं वेचायला जाता तशाच चारपाचजणी मिळून जा.