कडी आतून की बाहेरून?



या टेबलावर तांब्या आहे, फुलपात्र नाही. आयोजकांवर टीका नव्हे, उदाहरण आयतं मिळालं म्हणून बोललो. फुलपात्र नाही हे मला कसं कळलं? असतं तर दिसलं असतं. दिसत नाही, म्हणून नाही. पण तांब्यातल्या पाण्यात जंतू दिसत नाहीत, सबब ते नाहीतच, असं म्हणायला मी धजणार नाही.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी हजारएक वर्षांपूर्वी देवाची वकिली केली, ती याच फरकाच्या जोरावर. ‘न्यायकुसुमांजली’च्या तिसऱ्या स्तबकात ते प्रतिपक्षाला अडवतात: दिसण्याजोगी वस्तू दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. नैयायिकांच्या भाषेत, योग्यानुपलब्धी. ईश्वर मुळात डोळ्यांना दिसण्याजोगाच नाही. मग ‘दिसत नाही म्हणून नाही’ हे म्हणणं टिकत नाही. वकील म्हणून मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

याच उदयनांची एक आख्यायिका आहे. ते जगन्नाथपुरीला गेले, तर देवळाचं दार बंद. आचार्य भडकले. तुला ऐश्वर्याचा माज चढलाय, पण बौद्ध वादाला उभे राहिले की तुझं अस्तित्व माझ्याच हातात, अशा अर्थाचं त्यांनी देवाला सुनावलं म्हणे. खरंखोटं तो जगन्नाथच जाणे. पण देव न दिसण्याचं इतकं चोख समर्थन करणारा माणूस एका बंद दाराने चिडतो, ही गोष्ट ज्याने रचली त्याला माणूस कळला होता.

आता कॅनडातले जे. एल. शेलेनबर्ग. ‘डिव्हाइन हिडननेस अँड ह्यूमन रीझन’ हे त्यांचं पुस्तक १९९३ साली आलं. देव डोळ्यांना का दिसत नाही, हा त्यांचा मुद्दाच नाही. देव पूर्ण प्रेमळ असेल, तर नात्याचं दार तो आपल्या बाजूने कधी लावून घेणार नाही; आणि ज्याने स्वतःहून पाठ फिरवलेली नाही, त्याला निदान तो आहे एवढी खात्री तरी वाटेल. पण प्रामाणिकपणे शोधूनही ती न वाटलेली माणसं जगात आहेत. तेव्हा असा प्रेमळ देव नाही. ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ हे आपलं ठरलेलं उत्तर अशा माणसाच्या तोंडावर फेकणं मला क्रूर वाटतं.

उदयनांना हा बाण फारसा लागत नाही. त्यांचा ईश्वर जगाचा कर्ता, कर्मफळांचा हिशेब चुकता करणारा. कारभाऱ्याने रोज तोंड दाखवावं अशी कोणाची अपेक्षा नसते. अडचण आपली आहे, कारण आपण विठोबाला माउली म्हणतो. लेकरू अंधारात रडत असताना ‘मी इंद्रियगोचर नाही’ असं कुठली आई सांगते? तुकोबांनीही ही तक्रार झाकून ठेवली नाही. भेट का देत नाहीस म्हणून ते विठ्ठलाशी उघड भांडले. कर्त्याचा बचाव उदयनांनी केला. माउलीचा तेवढा तगडा बचाव मला अजून कुठे सापडलेला नाही.

आणि अस्पृश्य मानलेले संत चोखोबा? त्यांच्यापुरता देव मायेच्या पडद्याआड नव्हता. तो भिंतीपलीकडे विटेवर उभा होता, आणि दार कोणी अडवलं होतं हे सगळ्या पंढरपुराला ठाऊक होतं. अशा वेळी ‘देव का लपतो’ हा प्रश्न देवाआधी दारावरच्यांना विचारायला हवा. शेलेनबर्ग मात्र एवढ्यावर गप्प बसायचे नाहीत. ते म्हणतील, माउली आत होती ना, मग तिने आतून कडी का काढली नाही?

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, दाराच्या बाहेर आहे. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं १९४७ साली, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसल्यानंतर.