मेंढवाड्यातली शाळा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन ही राजधानी आहे. तिच्या दक्षिणेला वीस-एकवीस मैलांवर पाइन वृक्षांचं दाट रान होतं. १९०९ साली त्या रानातल्या एका सीडरच्या झाडाखाली, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसून एक तरुण मास्तर तीन मुलांना अक्षरओळख करून देऊ लागले. पायनी वूड्स ही ख्रिस्ती निवासी शाळा तिथे सुरू झाली.

मास्तरांचं नाव लॉरेन्स जोन्स. ते आयोवा विद्यापीठाचे १९०७ चे पदवीधर. काळे शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेत त्यांना नोकरी मिळत होती. ती न घेता ते या आडरानात आले, कारण इथल्या काळ्या शेतमजुरांच्या मुलांना शाळाच नव्हती. कायद्याच्या पुस्तकात मात्र सारं ठीक होतं. गोऱ्या-काळ्यांच्या सोयी 'वेगळ्या, पण समान' असाव्यात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये मान्य केलं होतं. वेगळेपण कसोशीनं पाळलं गेलं, समानता कागदावरच राहिली.

मग एड टेलर पुढे आले. त्यांचं बालपण गुलामगिरीत गेलेलं. त्यांनी शाळेला चाळीस एकर जमीन, पन्नास डॉलर आणि मेंढ्यांचा एक पडका वाडा दिला. चाळीस एकर हा आकडा काळ्या समाजाच्या काळजात रुतलेला आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध संपत असताना मुक्त झालेल्या गुलामांना तेवढीच जमीन देऊ केली गेली आणि पुढे काढूनही घेतली गेली. सरकारने परत घेतलेलं ते दान टेलर यांनी स्वतःच्या मालकीतून दिलं. जोन्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाडा झाडला, चुन्यानं रंगवला आणि त्यात वर्ग भरवला. जवळच्या एका गोऱ्या गिरणीमालकाने लाकूड दिलं. फीचे पैसे नसतील तर कोंबड्या, रताळी, काकवी चालत असे. मुलं शेतात राबत, सुतारकाम शिकत, बायबल वाचत. आपण ज्याला 'कमवा आणि शिका' म्हणतो, तीच ही रीत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जोन्स यांच्या जिवावर बेतलं. एका चर्चमधल्या प्रवचनात त्यांनी आयुष्याला लढाईची उपमा दिली. बाहेर उभ्या असलेल्या गोऱ्या पोरांनी नेमके लढाईचेच शब्द ऐकले आणि हा माणूस बंड पेटवतोय अशी हाकाटी पिटली. जमाव आला, गळ्यात दोर पडला, पायाखाली सरपण रचलं गेलं. जाळण्याआधी बोल म्हटल्यावर जोन्स बोलले ते शाळेविषयी. मुलं काय शिकतात, कोणत्या गोऱ्या शेजाऱ्यांनी मदत केली, हे त्यांनी नावानिशी सांगितलं. एका म्हाताऱ्या माजी सैनिकाने त्यांची बाजू घेतली. दोर सुटला आणि त्याच जमावात टोपी फिरून शाळेसाठी पैसे गोळा झाले. ही कहाणी अमेरिकी लेखक डेल कार्नेगी यांनी आपल्या पुस्तकात घेतली. जोन्स यांचं धैर्य थोर खरंच. पण जिवंत राहण्यासाठी शिक्षकाला इतकं चांगलं बोलावं लागावं, हे भयंकर आहे.

शाळेने अंध मुलांनाही घेतलं. त्यांच्यातूनच 'फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपी' हा गाजलेला भजनी गायकांचा संच पुढे आला. १९३७ मध्ये इथल्या मुलींचा जॅझ वाद्यवृंद उभा राहिला, 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम'. शाळेसाठी पैसे उभे करायला हे गट गावोगाव हिंडत.

१९५४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी डिसेंबरात जोन्स दूरचित्रवाणीवर झळकले. निवेदक राल्फ एडवर्ड्स यांनी प्रेक्षकांना प्रत्येकी एक डॉलर पाठवा म्हटलं आणि सुमारे सात लाख डॉलर जमले.

मिसिसिपीच्या सरकारने मात्र न्यायालयाचा निकाल वर्षानुवर्षं टाळला. १९६९ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तेव्हा राज्यात गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा भराभर निघाल्या, कित्येक तर ख्रिस्ताचं नाव घेऊन. १९७५ मध्ये जोन्स वारले. पायनी वूड्समध्ये मुलं आजही राहून शिकतात आणि मेंढ्यांचा तो वाडा डागडुजी करून जपलेला आहे.