आमचे सोयाबीन, त्यांचे दूध
(गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतले, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. विद्वत्तेचा दावा नाही. पण इंदूरला राहून सोयाबीनविषयी न बोलणे म्हणजे सराफ्यात जाऊन उपाशी परतणे!

जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांपैकी आपल्या देशात शेतकऱ्याला लावता येतो तो फक्त बीटी कापूस, २००२ पासून. त्यामुळे माळव्याचे सोयाबीन बिगर-जीएम ठरते. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनाचे बहुतेक सोयाबीन मात्र जीएम असते.

आता गंमत पाहा. जर्मनीत दुधाच्या, अंड्यांच्या पाकिटावर 'जनुकबदलाशिवाय' अशा अर्थाचा शिक्का असतो. तो हवा तर गाई-कोंबड्यांना जीएम पेंड घालून चालत नाही. तिकडची गृहिणी त्या शिक्क्यासाठी दोन पैसे जास्त मोजते, म्हणून आपल्या पेंडीला तिकडे गिऱ्हाईक आहे. एरवी ब्राझीलच्या स्वस्त पेंडीपुढे आपला निभाव लागणे कठीण.

मग हा जास्तीचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो का? नेहमी नाही. पेंडीचा मोठा भाग देशातच कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि तिथे फक्त भाव बघतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेले. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली. पाठोपाठ नवे पीक आले. भाव घसरले. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना मंडीत त्याहून कमी मिळू लागले, शेतकरी रस्त्यावर उतरले. सोयाबीन तेव्हाही बिगर-जीएमच होते!

म्हणजे मालात गुण असून भागत नाही, तो मागणारा लागतो. आपण तरी कुठे मागतो? तेलाची पिशवी घेताना आपणही भावच पाहतो. देशात खपणाऱ्या सोयाबीन तेलातले बरेचसे अर्जेंटिना-ब्राझीलहून येते.

जीएम चांगले की वाईट, हा वाद आम्ही इथे घालत नाही. पण आपल्यापैकी कित्येकांची शेती देपालपूर-सांवेरकडे आहे. गिऱ्हाईक म्हणून आपण कधी विचारले नाही, तर शेतकरी म्हणून भावाची तक्रार कोणत्या तोंडाने करायची? यंदा दिवाळीचे सामान भरताना दुकानदाराला एवढेच विचारा, "तेल इथल्या सोयाबीनचे आहे का?" एकाने विचारून काही होणार नाही, शंभरांनी विचारले, तर दुकानदार वर विचारेल.

नव्या पिकाला बाप्पा चांगला भाव देवो. गणपती बाप्पा मोरया!