सुरण काढल्यानंतरचा आठवडा

संक्रांत जवळ आली की सुरतेच्या बाजारात उंधियूसाठी पापडी, कोनफळ, रताळी आणि सुरण यांचे ढीग लागतात. उधना, लिंबायतकडच्या आपल्या घरांतही मागच्या हातभर जागेत किंवा गच्चीवरच्या गोणीत कुणी ना कुणी सुरण लावतोच. तक्रारही ठरलेली असते: कंद चांगला निघाला, पण महिन्याभरात टोपलीत सडला. माझ्या मते अशा बहुतेक कंदांची सड श्रावणातच सुरू झालेली असते.

भर पावसात सुरणाचा दांडा जमिनीलगत मऊ पडतो, पान पिवळं होऊन कोलमडतं. बुंध्याशी माती सारून पाहा. पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम रॉल्फ्सी ही बुरशी. रॉल्फ्स या संशोधकाने १८९२मध्ये फ्लोरिडातल्या टोमॅटोवर तिची नोंद केली होती. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून नुसती फवारणी करून सुटका होत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तेव्हा वाफा उंच हवा आणि गोणीला खाली भोकं हवीतच. पालापाचोळ्याचं आच्छादन बुंध्यापासून चार बोटं दूर ठेवा. लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आणि निंबोळी पेंड मिसळा. रोग दिसल्यावर ते घालून फारसं साधत नाही.

आता काढणी. पानं पूर्ण वाळून पडल्याशिवाय कंद काढू नका, आणि काढण्याआधी काही दिवस पाणी तोडा. कुदळीची प्रत्येक जखम म्हणजे बुरशीला उघडं दार. कंद धुऊ तर मुळीच नका. माती हाताने झाडा.

जखम भरते, पण त्यासाठी ऊब लागते. कोनफळ आणि रताळी साधारण ३० अंशांच्या दमट हवेत आठवडाभर राहिली, तर जखमेवर बुचासारखी नवी साल धरते. सुरतेतली डिसेंबरची दुपार जवळपास तेवढीच उबदार असते! हे फुकटचं वरदान आपण वाया घालवतो, कारण कंद काढल्या दिवशीच पिशवीत कोंबतो. कोनफळ, रताळी ओसरीच्या सावलीत गोणपाटाखाली ठेवा, सुरण उघडाच पसरा. मग एकावर एक न रचता टोपलीत कोरड्या वाळूत ठेवा, आणि दर पंधरवड्याला चाचपून पाहा.

फ्रिजचा मोह टाळा. साधारण १२ अंशांखाली रताळं आणि कोनफळ आतून काळवंडतं, शिजवलं तरी कडक राहतं. डेलियाचे कंद गारठ्यात जपण्याचा सल्ला बागकामाच्या विलायती पुस्तकांत असतो, तो जमीन गोठणाऱ्या मुलखासाठी आहे. बटाट्याची गोष्ट वेगळी. त्याला गारवा मानवतो, मात्र उजेडात तो हिरवा पडून विषारी होतो.

बियाण्यासाठी राखलेला सुरण एप्रिलमध्ये कापताना प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग आलाच पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा. ज्या वाफ्यात ते मोहरीसारखे दाणे दिसले होते, तिथे त्या लावू नका. तो वाफा भिजवून मे महिनाभर पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात तापू द्या, आणि सडका कंद खताच्या खड्ड्यात न टाकता जाळून टाका.